सतार जीवनावश्यक यादीत नव्हती

माझे आजोळ मिरजेचे. मोठे मामू तंबोरे आणि सतारी बनवतात. लोक त्याला कारखाना म्हणतात, पण तो म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत लाकूड आणि वाळलेले भोपळे, दुसरीत मामू, त्यांचा मुलगा आणि दोन कारागीर. मी राहतो साताऱ्यात. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी त्या भोपळ्यांच्या ढिगाऱ्यात लपाछपी खेळण्यात जायची. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका भाच्याचे म्हणणे आहे, हे वाचकांनी आधीच धरून चालावे. घरच्या आणि ओळखीच्या माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी मी मामूंना फोन केला. ते म्हणाले, "दूध चालू, किराणा चालू, औषधं चालू. आपलं काय?" साताऱ्यात आमच्या शेजारी एक बेकरी आहे. ती पहिले काही दिवस अडखळली, पण पाव ही रोजची गरज, त्यामुळे तिची भट्टी पुन्हा पेटली. सतार मात्र कुठल्याच जीवनावश्यक यादीत नव्हती. असायला हवी होती असेही माझे म्हणणे नाही. ज्या आठवड्यात माणसे शेकडो मैल पायी घरी निघाली होती, त्या आठवड्यात तंबोऱ्याची काळजी कोण करणार? पण तंबोरा बनवणाऱ्यालाही दोन वेळा जेवावे लागते, आणि तो प्रश्न यादीत नव्हता म्हणून सुटत नव्हता.

या धंद्याचे गणित आधी समजून घ्यावे लागेल. तंबोरा दुकानात टांगून रोज विकला जात नाही. गवई, शिक्षक किंवा संगीत विद्यालय मागणी नोंदवते, थोडी पेशगी देते. मग भोपळा निवडायचा, कापायचा, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडायची, तबली बसवायची, नक्षी करायची, पॉलिश चढवायचे, खुंट्या आणि तारा लावायच्या. शेवटी घोडी घासून जवारी काढायची. तारेचा सूर ज्यामुळे घुमतो आणि लांबतो ती ही जवारी. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून ती अचूक जागी आणतात. त्या धाग्याला आमच्याकडे जीव म्हणतात. हे सगळे होईपर्यंत काही आठवडे, कधी महिने जातात आणि उरलेले पैसे माल हाती पडल्यावर मिळतात. म्हणजे लॉकडाऊन लागला तेव्हा मामूंचा पैसा अर्धवट वाद्यांत अडकलेला होता. चार तंबोरे तयार होते, पण न्यायला कोणी येऊ शकत नव्हते. मैफली बंद, क्लास बंद, शाळा बंद, परदेशी पार्सल बंद. जिल्ह्याच्या हद्दीवर नाके. सातारा आणि मिरज हे काही तासांचे अंतर, पण ई-पासशिवाय मलाही जाता येत नव्हते.

त्याच्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा महापूर येऊन गेला होता. सांगलीच्या पेठांत व्यापाऱ्यांचा माल कुजला होता. मिरजेच्या ज्या किराणा दुकानातून मामूंच्या घरी सामान यायचे, त्या शेठजींचे सांगलीतले गोदामही त्या पाण्यात गेले होते. एका संकटाची उधारी फिटली नव्हती तोवर दुसरे दारात आले.

ज्यांना मिरजेचा हा हुन्नर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. साधारण १८५० च्या सुमारास मिरजेतले शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे कारागीर, वाद्ये बनवण्याकडे वळले. फरीदसाहेब यांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. तलवारींचे दिवस सरत होते. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांना मान होता आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारे जवळ कोणी नव्हते. शिकलगारांनी हत्यारे सोडून तारा हातात घेतल्या आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे आडनावच सतारमेकर झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवत. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे येऊन राहिले. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन हाजिरी दिली आणि ते बरे झाले, असे मिरजेत सांगतात. खरे-खोटे अल्लाह जाणे. पण १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केले, हा इतिहास आहे. आजही उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

हे सांगण्याचे कारण असे, की मिरजेच्या सतारमेकरचा गिऱ्हाईक आणि त्याचा मोहल्ला या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या आहेत. बनवणारा बहुधा मुसलमान आणि वाजवणारा, गाणारा बहुधा हिंदू. घरातली देवपूजा आणि नमाज आपापल्या जागी ठेवून दीडशेहून अधिक वर्षे हा व्यवहार चालला. २०२० च्या वसंतात याच व्यवहाराची परीक्षा झाली.

कारण ते दिवस नुसते आजाराचे नव्हते. सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण २३ मार्चला इस्लामपुरात सापडले. सौदी अरेबियाहून परतलेले एक कुटुंब होते. काही दिवसांत नात्यातले, संपर्कातले मिळून आकडा वीसच्या पुढे गेला. माणसे दवाखान्यात होती आणि व्हॉट्सॲपवर त्यांची धिंड निघत होती. लगेच दिल्लीच्या मरकजची बातमी आली. मग फळांवर थुंकण्याचे व्हिडिओ, नोटांना थुंकी लावण्याचे व्हिडिओ, "यांच्याकडून काही घेऊ नका" असे निरोप. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे नोंदवले. पण ऑगस्टमधला निकाल एप्रिलमधल्या भाजीवाल्याच्या काय कामाचा? त्याची गाडी तेव्हाच गल्लीच्या तोंडावरून परत गेली होती.

मामूंकडेही एक फोन आला. बऱ्याच वर्षांचे गिऱ्हाईक. तयार तंबोरा आता नको, पेशगी परत करा, म्हणाले. कारण सांगितले नाही. कदाचित त्यांचीच पैशांची अडचण असेल. मामूंनी पैसे परत केले आणि रात्रभर झोपले नाहीत. हे मला मामींनी नंतर सांगितले. त्या दिवसांनी ही एक वाईट सवय आम्हाला लावली. समोरच्याचा साधा नकारही साधा वाटेना.

आता मदतीविषयी. एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी किटा वाटायला सुरुवात केली. गहू, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा आणि थोडे खजूर. जात-धर्म न बघता वाटल्या. इथून जवळच इचलकरंजीच्या मुसलमानांनी त्या रमजानात जकात-सदक्यातून ३६ लाख रुपये उभे केले आणि इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. ईदच्या सुमारास मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. या कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण मामूंच्या दारात किट आली तेव्हाचे ऐका. देणाऱ्या पोरांपैकी एकाने फोटोसाठी मोबाईल काढला. मामूंनी किट घेतली, तोंड मात्र फिरवले. ज्या माणसाने दरवर्षी जकात काढली, त्याच्या हातात आज जकातीची पिशवी होती. रात्री फोनवर मला म्हणाले, "किट से पेट भरता बेटा, हात खालीच रहते." मला वाटते, त्या दोन वर्षांत मदतीविषयी मी ऐकलेले सर्वांत खरे वाक्य हेच.

किटने महिनाभर घर चालले. कारखाना तगला तो दुसऱ्या चार-पाच गोष्टींमुळे, आणि त्यातली एकही दान नव्हती.

पहिली गोष्ट साताऱ्यातली. माझ्या ओळखीच्या एक बाई घरी गाणे शिकवतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा जुना तंबोरा जवारीसाठी फेब्रुवारीत मीच मिरजेला पोहोचवला होता आणि तो तिथेच अडकला होता. मे महिन्यात त्यांनी मला बोलावले. दारातच उभ्या राहून, मास्कमधून म्हणाल्या, "जवारीचे पैसे मामूंना पाठव. आणि क्लाससाठी एक नवा तंबोरा सांग. घाई नाही, दिवाळीला मिळाला तरी चालेल. अर्धे पैसे आजच घे." मी म्हटले, "बाई, तुमचाच क्लास बंद आहे." त्यावर म्हणाल्या, "अरे, तंबोरा लागणारच आहे. आज ना उद्या. मामू टिकले नाहीत तर उद्या जवारी कोणाकडून काढून घेऊ?" त्यांनी मदत हा शब्दही उच्चारला नाही. त्या पेशगीने दोन्ही कारागिरांना त्या महिन्याचा पगार मिळाला.

दुसरी गोष्ट भोपळ्यांची. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. शेतकरी ते सतारमेकरांसाठीच लावतो. सतारमेकरने घेतले नाहीत तर फेकण्याशिवाय गत नाही. मामूंच्या नेहमीच्या शेतकऱ्याने त्या वर्षीचे भोपळे स्वतःच्या घरी माळ्यावर ठेवून दिले आणि निरोप दिला, "गाडी सुरू झाली की न्या. पैसे पुढच्या हंगामात." त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता हे खरे. पण ज्याच्याकडे पर्याय नसतो तोही तगादा लावू शकतो. त्याने लावला नाही.

तिसरी गोष्ट मामींची भिशी. गल्लीतल्या बाराजणी, त्यात पाच मुसलमान, बाकी मराठा, लिंगायत आणि एक जैन. लॉकडाऊनमध्ये भिशी मोडायची वेळ आली. बायकांनी रक्कम निम्मी केली, पण मोडली नाही. पहिला नंबर चिठ्ठीविना मामींना दिला. त्या पैशात मामींनी बिघडलेले शिलाई मशीन दुरुस्त करून घेतले आणि मास्क शिवले. पुरुष मंडळी या गोष्टीचा उल्लेख कमी करतात, म्हणून मी मुद्दाम करतो.

चौथे ते किराणावाले शेठजी. वही बंद केली नाही. स्वतःचे गोदाम पुरात गेलेला माणूस दुसऱ्याची उधारी कशी चालवतो, हे मला अजून कळलेले नाही.

आणि पाचवी गोष्ट मामूंच्या मुलाने शोधली. गाण्याचे क्लास झूमवर सुरू झाले तेव्हा एक गंमत झाली. शिक्षक तंबोरा लावून बसायचे आणि पलीकडे विद्यार्थ्याला तो ऐकूच यायचा नाही. पंख्याचा, रस्त्याचा सततचा आवाज गाळावा म्हणून जी सोय केलेली असते, तिला तंबोरा हा तसलाच आवाज वाटतो. ती तो पुसून टाकते. ती सोय बंद कशी करायची, मोबाईल कुठे ठेवायचा, हे पोरगा मिरजेत बसून शिक्षकांना फोनवर सांगू लागला. फुकट. त्यातून ओळखी वाढल्या आणि दुरुस्तीची कामे आली. जुनी वाद्ये घरोघरी पडून होती आणि घरात बसलेल्या माणसांना ती पुन्हा आठवली होती. नव्या वाद्यांची मागणी नसताना पावसाळ्यानंतरचे पाच-सहा महिने कारखाना दुरुस्तीवर चालला.

इथे कोणी विचारील, यात मोठे काय? थोडी पेशगी, थोडी उधारी, एक भिशी. माझे मत असे, की मोठे तेच आहे. आपण मदतीचा विचार घेणाऱ्याच्या भुकेपासून सुरू करतो. या माणसांनी तो मामूंच्या कामापासून सुरू केला. भूक भागवणे फर्ज आहेच, त्यात वाद नाही. पण ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला किटेनंतर काम लागते, आणि काम मिळेपर्यंत थांबायला बिनव्याजी पैसा लागतो.

हा पैसा सरकारी योजनांतून यावा अशी अपेक्षा होती. मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची हमी-कर्जाची योजना जाहीर झाली. पण तिचा हिशेब आधीच्या थकीत कर्जावर होता. २९ फेब्रुवारीला तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के. मामूंनी व्याजाच्या भीतीने आयुष्यात बँकेचे कर्ज घेतले नव्हते. ज्या बँकेत त्यांचे खाते आहे तिथे चौकशीला गेले, तर तेथील साहेबांनी ऐकून घेतले आणि सांगितले की तुमचे कर्जच नाही, तर देणार कशावर? मुसलमानांपर्यंत बँकेचे कर्ज कमी पोहोचते, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले आहे. त्याला काही आपला संकोच कारण आहे, काही बँकांचा. महामारीत दोन्हींची किंमत एकदम चुकवावी लागली.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. पारंपरिक कारागिरांसाठी पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख. चांगली योजना आहे. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, खेळणी बनवणारे. वाद्ये बनवणारा नाही. शस्त्रे बनवणारा मात्र आहे. मामूंना हे सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसले. त्यांच्या पणजोबांनी हत्यारे सोडून तंबोरा धरला, आणि आता सरकारदरबारी हत्यारवाल्याची नोंद होते, तंबोरेवाल्याची नाही. सुतार म्हणून नाव घालता आले असते. मामू म्हणाले, सुताराचा मान मोठा आहे, पण मी सुतार नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत पेढे वाटले गेले. हे मानांकन नावाचे रक्षण करते. दुसरीकडे बनवलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. पण नाव राखले म्हणजे मागणी आली असे होत नाही. बेंगळुरूत १९७९ मध्ये तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने अर्धे काम आधीच नेले होते, उरलेले मोबाईलमधल्या ॲपने नेले.

सगळे गोड झाले असेही नाही. २०२१ चा पहिला रोजा १४ एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात दुसऱ्यांदा कडक निर्बंध लागले. ती लाट आमच्या सातारा-सांगलीत फार वाईट होती. मामूंच्या गल्लीतून जनाजे निघाले. जुलैत पुन्हा पूर आला. दोन कारागिरांपैकी धाकटा त्या उन्हाळ्यात एमआयडीसीत लागला तो परत आलाच नाही. मामू त्याला दोष देत नाहीत. "महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याला," एवढेच म्हणतात. जवारीवर त्याचा हात बसू लागला होता. तो हात आता यंत्राची बटणे दाबतो. कारखाना वाचला असे मी म्हणतो, पण पूर्ण वाचला नाही.

आणि ज्यांना साताऱ्याच्या बाई भेटल्या नाहीत, माळा असलेला शेतकरी भेटला नाही, त्यांचे काय? त्यांची दुकाने गेली. मामूंचे नशीब चांगले होते, असे म्हणून हा विषय संपवता येणार नाही. नशिबाने जे एका घरी झाले ते रीत म्हणून दहा घरी कसे होईल, हे आपण बघायला हवे.

माझ्या जमातीला म्हणून माझे एक सांगणे आहे. जकातीचे जे आठ हक्कदार कुरआनने सांगितले, त्यांत फकीर आणि मिस्कीन आहेत, तसा कर्जात अडकलेला माणूसही आहे. आपली सगळी जकात किटांत, कपड्यांत आणि मदरशांत जाते. कर्जाखाली दबलेल्या कारागिराचा वाटा बहुतेक मोहल्ल्यांत कोणी काढतच नाही. तो काढावा. त्याशिवाय, ज्यांना जकात घ्यायची नाही आणि गरजही नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक मशिदीच्या आधाराने कर्ज-ए-हसनाची छोटी पेटी असावी. बिनव्याजी, लेखी, दोन साक्षीदारांसमोर, परतफेडीच्या तारखेसह. आणि ती मोहल्ल्यातल्या हिंदू कारागिरालाही खुली असावी. भिशीच्या बायकांनी आमची जात विचारली नव्हती. आणखी एक, देताना फोटो काढू नका. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये असे आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः फेसबुकवर टाकतो.

इतर वाचकांना माझे सांगणे याहून लहान आहे. त्या बाईंचा नवा तंबोरा दिवाळीला नाही, पुढच्या वर्षी जानेवारीत तयार झाला. मी तो घेऊन गेलो तेव्हा बाईंनी तो मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मामूंना सांग, जवारी अजून महिनाभराने बोलेल. तेव्हा पुन्हा पाठवते." म्हणजे पुढचे कामही त्यांनी सांगून ठेवले. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांची सतार किंवा आत्याचा तंबोरा पडून असेल, तर तो खाली काढा आणि दुरुस्तीला द्या. मजुरी किती ते विचारा आणि घासाघीस न करता द्या.